तपासणी तिसरीत हवी, धावपळ दहावीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचे परीक्षा अर्ज भरायला सुरुवात झाली की दरवर्षी अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीच्या) दाखल्यांचा विषय निघतो. सवलत मागणारी मुले एवढी कशी वाढली, गुणांसाठी दाखले काढले जातात का, अशी चर्चा होते. खोटे दाखले कधीच निघत नाहीत असा आमचा दावा नाही. पण दहावीत धावतपळत येणाऱ्या बहुतेक मुलांची अडचण खरी असते आणि ती तिसरीतल्या वहीत सरळ दिसत असते. मधली वर्षे शाळा ‘लक्ष देत नाही’ म्हणते, घरचे ‘आळशी आहे’ म्हणतात आणि नववीचा निकाल लागला की वर्गशिक्षिका सांगतात, “टेस्टिंग करून घ्या.” कसले टेस्टिंग, कुठे, कोणाकडे, किती दिवसांचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. ते सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. तो एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता ही तिन्ही नावे आहेत. कलम १६ शाळांना सांगते, की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि त्याप्रमाणे शिकवा. कलम १७ दर पाच वर्षांनी शाळेतल्या मुलांचे सर्वेक्षण करायला सांगते. म्हणजे मूल ओळखण्याची पहिली जबाबदारी शाळेची आणि शासनाची आहे. पालकांनी दारोदार फिरावे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. महाराष्ट्र तर यात पुढे होता. अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती आपल्या राज्याने १९९६पासूनच द्यायला सुरुवात केली. सवलत आधी आली, वेळेवर ओळखण्याची व्यवस्था मागे राहिली, आणि आजची सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

पालकांचा पहिला गोंधळ होतो तो दोन कागदांचा. एक अहवाल, दुसरा दाखला. अहवाल मानसशास्त्रज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ देतात. मुलाला काय जमते, काय जमत नाही, का जमत नाही आणि आता काय करायचे, हे त्यात असते. दाखला शासनाने नेमलेल्या रुग्णालयातले वैद्यकीय मंडळ देते. परीक्षेतल्या सवलती, आरक्षण, योजना यांसाठी तोच चालतो. खाजगी ठिकाणी चांगले पैसे मोजून दहा-बारा पानी अहवाल आणला आणि शाळेत दाखला म्हणून दिला, तर तो परत येतो. मग पालकांना वाटते आपण फसलो. फसलेले नसतात, चुकीच्या खिडकीवर उभे असतात. उलट बाजूही आहे. एक पानी दाखला मिळाला म्हणजे काम झाले असे समजून अहवाल मागितलाच जात नाही, आणि मुलाला वाचायला कसे शिकवायचे हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. रुग्णालयातून निघताना चाचण्यांच्या गुणांसह अहवालाची प्रत लेखी मागून घ्यावी. ‘फाइल आमच्याकडेच राहते’ हे उत्तर चालवून घेऊ नये.

अहवाल कोणाचा चालतो, हेही पाहायला हवे. बुद्धिमत्तेच्या आणि अध्ययनाच्या चाचण्या घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सा किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ असावी. नोंदणी क्रमांक अहवालाच्या तळाशी सहीजवळ असतो; परिषदेच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. समुपदेशनाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्ती मुलाशी छान बोलू शकते, पण तिने दिलेल्या बुद्ध्यंकाला मंडळासमोर किंमत नाही. निदान करणारे डॉक्टर म्हणजे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची गोष्ट काही शाळा पालकसभेत विकू देतात. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. ते पैसे मुलाच्या कान-डोळ्यांच्या तपासणीला वापरावेत.

कान-डोळ्यांवर अंमळ रेंगाळायला हवे, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या तिथेच वाया जातात. कोणत्याही मोठ्या चाचणीआधी श्रवण आणि दृष्टी तपासलेली असावी लागते. ती नसेल तर मानसशास्त्रज्ञ परत पाठवतात आणि नवी तारीख पुढची मिळते. ‘हाक मारली की वळतो, म्हणजे ऐकू येते’ हा समज खोटा आहे. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठते. अशा मुलाला हाक ऐकू येते, पण ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू येत नाहीत. साधारण पाच वर्षांपुढचे मूल कानाला हेडफोन लावून ऑडिओमेट्री देऊ शकते. त्याहून लहान किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलाची बेरा चाचणी (आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी) झोपेत करावी लागते. त्यासाठी आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायला सांगतात. नेमके मूल रिक्षात झोपते, दवाखान्याच्या दारात ताजेतवाने होते आणि चाचणी रद्द होते. प्रवासात त्याला जागे ठेवायला एक जास्तीचे माणूस बरोबर न्यावे, इतकी साधी सूचना तारीख देतानाच दिली तर कितीतरी चकरा वाचतील. एमआरआय आणि ईईजी मात्र सरसकट करायची गरज नसते. स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) किंवा वाचनातली अक्षमता त्या चित्रात दिसत नाही. झटके येत असतील, आलेली कौशल्ये गळून पडत असतील किंवा डॉक्टरांना तपासताना काही वेगळे आढळले, तरच त्या लागतात.

आता वही. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत आमच्या मते सर्वांत मोलाचा पुरावा मुलाच्या रोजच्या वह्या, आणि पालक नेमक्या त्याच घरी विसरतात किंवा लाजेपोटी नव्या स्वच्छ वह्या आणतात. मागच्या दोन वर्षांच्या भाषा आणि गणिताच्या वह्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि सगळी प्रगतिपुस्तके आणावीत; खाडाखोड जितकी जास्त तितके बरे. मराठीत वाचनातली अडचण इंग्रजीसारखी दिसत नाही. आपल्याकडे अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ आहे, त्यामुळे मूल अडखळत का होईना वाचते आणि शिक्षकांना ‘वाचता येते की’ असे वाटते. फरक वेगात आणि लेखनात कळतो. कानामात्रा गळतात, ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, जोडाक्षरातले एक अक्षर पळून जाते, घ-ध, भ-म, ष-प यांची अदलाबदल चौथीतही चालू राहते, फळ्यावरून उतरवताना अख्खी ओळ सुटते. तोंडी विचारले तर तेच उत्तर मूल घडाघडा सांगते. ही दरी महत्त्वाची.

पण ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘होतं’ला ‘व्हतं’ लिहिणारे मूल अध्ययन अक्षम नसते. ते घरची बोली लिहीत असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर पत्रकारही करतात. बोलीच्या चुका अक्षमतेत मोजणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत, आणि अक्षमतेच्या चुका बोलीच्या नावावर खपवून सोडून देणारे त्याहून जास्त पाहिले आहेत.

भाषेचा प्रश्न इथे संपत नाही. अध्ययन अक्षमतेसाठी शासनाने बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला ठरवून दिली आहे. तिचा मूळ बाज इंग्रजी शाळेतल्या मुलांचा. मराठी माध्यमातल्या मुलाला तिचे इंग्रजी उतारे वाचायला दिले तर तो अडखळणारच. त्यातून त्याची अक्षमता कळत नाही, फक्त इंग्रजी कळते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची अध्ययन अक्षमता तपासण्याची साधने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली आहेत. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन गटांसाठी शिक्षकांनी भरायच्या चाळणी-सूचीही (कोणत्या मुलाला पुढची तपासणी लागेल हे दाखवणाऱ्या प्रश्नांच्या याद्या) त्यात आहेत. आमच्या राज्यातल्या किती शाळांनी ती नुसती उघडून पाहिली असेल? चाचणीला बसण्याआधी पालकांनी एकच विचारावे: चाचणी कोणत्या भाषेत घेणार आणि माझे मूल शाळेत कोणत्या भाषेत किती वर्षे शिकते आहे, हे अहवालात लिहिणार ना? तिसरीत माध्यम बदललेल्या मुलाची चाचणी चौथीच्या पहिल्या सत्रात करण्यात काही अर्थ नसतो.

बुद्धिमत्ता चाचणीबद्दल भीती आणि भक्ती दोन्ही जास्त आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या दोन चाचण्या याच मातीतल्या आहेत. कामत यांनी १९३०च्या दशकात मूळ बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती बिने-कामत. दुसरी मिस्क, म्हणजे मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार केलेली, १९६९ची. दोन्ही मेहनतीने केलेल्या आहेत, पण त्यांचे निकष त्या काळातल्या मुलांवर बेतलेले आहेत. जुन्या निकषांवर आजचे मूल मोजले की आकडा फुगण्याची शक्यता असते. म्हणून एका ठिकाणी ९२ आणि दुसरीकडे वेगळ्या चाचणीवर ८३ आले, तर कोणीतरी लबाडी केली असे लगेच समजू नये. त्याच मुलाची तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नये. सवयीने गुण वाढतात. दुसरीकडे जाताना आधी कोणती चाचणी झाली ते लपवू नका. आणि कृपा करून चाचणीआधी ‘प्रॅक्टिस’ घेऊ नका.

चाचणीला तास-दीड तास लागतो. सगळ्या चाचण्या एका बैठकीत उरकण्याचा आग्रह धरू नये. उपाशी, तापातून उठलेले किंवा रात्रभर एसटीने प्रवास करून आलेले मूल खरे गुण देत नाही. तसे असेल तर तारीख बदलून घ्यावी, आणि केंद्राने ती लगेच द्यावी. बाहेरगावच्या मुलाला सकाळी नऊला बोलावून दुपारी दोनला आत घेणे ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. त्या गुणांवर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

बुद्ध्यंकाच्या आकड्यात एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडणारी मुले कोणाच्याच मोजणीत नाहीत. जानेवारी २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बुद्ध्यंक ८५च्या वर असेल तरच पुढे अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. बौद्धिक अक्षमता साधारण ७०च्या खाली धरतात, तीही नुसत्या बुद्ध्यंकावर नाही, रोजच्या व्यवहारात मूल काय करते हे पाहून. मधल्या ७० ते ८४ या पट्ट्यातल्या मुलाला, ज्याला शाळा ‘मंदगती’ म्हणते, यातला कोणताच दाखला मिळत नाही. त्याला शिकायला अडचण मात्र भरपूर असते. ‘दाखला मिळाला नाही म्हणजे काही नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते. त्याला दाखल्यापेक्षा गट साधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांची गरज आहे, आणि अहवाल हातात असेल तर ते मदत करू शकतात. दाखल्यासाठी थांबायचे कारण नाही.

स्वमग्नतेचे वेळापत्रक अगदी वेगळे आहे. इथे तिसरीची वाट पाहणे म्हणजे हाती आलेला काळ घालवणे. एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे आणि ती पालकांना विचारून काही मिनिटांत होते. नावाने हाक मारल्यावर न बघणे, बोट दाखवून वस्तू न दाखवणे, भातुकलीसारखा खोटाखोटा खेळ न खेळणे, आलेले शब्द गळणे, यांपैकी काही दिसले तर ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. मोबाइल बंद करा हा सल्ला योग्यच आहे. पण ‘आधी सहा महिने मोबाइल बंद करून पाहू, मग दाखवू’ हा नाही. दोन्ही एकदम सुरू करावे. आणि चाळणीत ‘हो’ आले म्हणजे निदान झाले असे नाही, ‘नाही’ आले म्हणजे सुटकाही झाली असे नाही.

दाखल्यासाठी आपल्याकडे ‘इसा’ हे भारतीय मापन वापरतात. त्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर स्वमग्नता धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. निम्मी माहिती पालकांच्या उत्तरांतून येते, म्हणून जो मुलाबरोबर दिवसभर असतो तोच माणूस मुलाखतीला हवा. आई कामावर आणि मूल आजीकडे असेल तर आजीला न्या. काही बाबा अभिमानाने ‘सगळे जमते त्याला’ म्हणतात आणि गुण खाली येतात; काही घरे दाखल्यासाठी सगळेच ‘नेहमी’ म्हणतात आणि चित्र बिघडते. सगळ्यांत उपयोगी पडते ते मोबाइलवरचे साधे चित्रण: जेवताना, खेळताना, पाहुणे आल्यावर, दुकानात, प्रत्येकी दोन-तीन मिनिटे. अनोळखी खोलीत मूल तासभर गप्प बसते किंवा नुसते रडते, त्यावरून कोणालाही काही ठरवता येत नाही.

एडीएचडीत अडते ते शाळेपाशी. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणजे घर आणि शाळा दोन्हींकडून माहिती हवी. शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म असतो. तो पालकांच्या हाती दिला की वर्गशिक्षिका घाबरून सगळीकडे ‘कधीकधी’वर टिक करतात, किंवा मुख्याध्यापकांनी ‘असले काही लिहून देऊ नका’ म्हटलेले असते. तो फॉर्म म्हणजे शाळेविरुद्धची तक्रार नाही. तो बंद लिफाफ्यात थेट केंद्राकडे पाठवायची पद्धत ठेवली तर शिक्षकही मोकळेपणाने लिहितील. दुसरी चूक तपासणाऱ्यांची: शांत खोलीत, एकटे, नव्या माणसासमोर, दहा मिनिटांनी नवी वस्तू मिळणारे एडीएचडीचे मूलही छान बसते. ‘इथे तर चंचल वाटत नाही’ हे निदान नव्हे. आणि वर्गात उड्या न मारता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली तर कोणाच्याच डोळ्यांवर येत नाहीत. एडीएचडीचे नाव कायद्यातल्या त्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे नाही, हे पालकांनी आधीच जाणून असावे. पण अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकाच मुलात खूपदा सापडतात. एक मिळाले म्हणून तपासणी तिथे थांबवू नये.

दाखल्याची वाट आता ऑनलाइन सुरू होते. जून २०२१पासून दिव्यांगत्वाचे दाखले केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच, युडीआयडी कार्डासह (दिव्यांगांच्या ओळखपत्रासह), दिले जातात. अर्ज घरून किंवा ई-सेवा केंद्रातून भरता येतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढे लागते. अध्ययन अक्षमतेसाठी शाळेचे बोनाफाईड, मुख्याध्यापकांचे पत्र आणि प्रगतिपुस्तकेही बरोबर ठेवावीत. अर्ज अडतो तो बहुधा नावावर. आधारवर एक स्पेलिंग, शाळेत दुसरे, जन्मदाखल्यावर आडनावच नाही. ते आधी एकसारखे करून घ्या, कारण हेच नाव पुढे परीक्षा मंडळाकडे जाते. पोर्टलवर रुग्णालय निवडताना आपल्या प्रकाराचे मंडळ तिथे बसते का, हे फोनवर विचारावे. प्रत्येक सिव्हिलमध्ये मानसशास्त्रज्ञ असतोच असे नाही. मुंबईत सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर इथे अध्ययन अक्षमतेची केंद्रे आहेत, आणि गर्दीही तिथेच आहे. २०२४च्या सुधारित नियमांनी दाखला देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने केली. नोव्हेंबरात अर्ज करणाऱ्या दहावीच्या पालकाने हा हिशेब बोटांवर करून पाहावा.

याहून घातक फटका दाखल्याची वैधता संपण्याचा. २०१८च्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षाआधी मिळत नाही आणि १४ व १८ या वयांत पुन्हा तपासणी करावी लागते. १८व्या वर्षी मिळालेला दाखला कायमचा. चौथीत मिळालेला दाखला पालक कपाटात जपून ठेवतात. तो आठवी-नववीत संपतो आणि हे कळते दहावीत. मार्च २०२४मध्ये या सूचना सुधारल्या आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता आपल्या दाखल्यावर छापलेली तारीख आज काढून पाहावी.

सवलती काय, तर तासाला २० मिनिटे जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, गणितात अडचण असलेल्याला कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आणि असेच आणखी काही. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याला मजकूर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. ‘पुढच्या ओळीवर ये, आकृतीला नाव दे’ असे सांगायची सवय नसलेले मूल पहिल्या पेपरला जादा वेळेतही मागे पडते. आठवीपासून शाळेच्या परीक्षांत लेखनिक दिला तरच दहावीत उपयोग होतो. पुष्कळ मुलांना लेखनिकापेक्षा जादा वेळ पुरतो.

मोठ्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण व्यवस्थाच थोडकी आहे. मुलाचे निदान होताना ‘मीही असाच होतो’ असे बापाच्या लक्षात येते, किंवा पंचविशी-तिशीत नोकरीत घसरण सुरू होते तेव्हा लोक येतात. समाजमाध्यमांवरची सहा प्रश्नांची यादी ही चाळणीच. तिच्यावर गोळी कोणी देऊ नये. प्रौढांच्या एडीएचडीतही बालपणीचा पुरावा लागतो. म्हणून शाळेची प्रगतिपुस्तके, ‘हुशार आहे पण धांदरट’ असले शेरे, आणि शक्य असेल तर आई किंवा मोठे भावंड बरोबर न्यावे. झोपेतील श्वासाचा अडथळा, थायरॉइड, चिंता, नैराश्य आणि दारू यांची विचारपूस आधी व्हायला हवी; त्यातूनही एकाग्रता जाते. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध अनुसूची एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या यादीतले आहे, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधदुकानदार ठेवून घेतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळाले नाही तर घाबरू नये. स्वमग्न प्रौढांसाठी मराठीत तपासणारे फार कमी. सरकारी मनोरुग्ण विभागात विचारताना ‘प्रौढ स्वमग्नता तपासता का’ असे स्पष्ट विचारावे. गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे तपासणी होत नाही, दिशा मिळते.

गावांसाठी व्यवस्था कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, १८ वर्षांपर्यंतची मुले पाहतात आणि शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक येते त्या दिवशी ‘हुशार’ मुले पुढे बसवून अडखळणारे मूल घरी ठेवू नका, एवढे शिक्षकांनी पाळले तरी खूप होईल. पाठवणीची चिठ्ठी मिळते, पण केंद्र जिल्ह्याच्या गावी, आठवड्यातले ठरावीक वार, आणि मजुरी बुडवून गेल्यावर ‘मानसशास्त्रज्ञ आज रजेवर’. कोणत्या वारी कोण असते हे पथकाकडेच लिहिलेले असेल तर ही फेरी टळेल.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शिक्षण विभागाने तिसरीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाची मराठीतली चाळणी-सूची वर्गशिक्षकांकडून भरून घ्यावी आणि ती मुलाच्या नोंदींत ठेवावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने अध्ययन अक्षमता व स्वमग्नतेच्या मंडळाचे वार, उपस्थित तज्ज्ञ आणि पुढची उपलब्ध तारीख दाराबाहेरच्या फलकावर लावावी. परीक्षा मंडळाने नववीच्या जूनमध्येच शाळांना कळवावे, की कोणत्या मुलांचे दाखले दहावीच्या अर्जाआधी संपतात. आणि अहवाल पालकांच्या भाषेत, शेवटी ‘घरी काय करावे, वर्गात काय करावे’ या दोन शीर्षकांसह मिळावा. यातली पहिली गोष्ट उद्या सुरू करायला एक रुपयाचीही तरतूद लागत नाही.

आपल्या,
विशेष शिक्षण आणि चिकित्सा मानसशास्त्र या क्षेत्रांत काम करणाऱ्या दोन वाचक, पुणे